ताईचं मोठं मन

फुलपाड्याच्या बाजारात सुकेळीचा, उन्हात वाळवलेल्या केळ्यांचा, वास आला आणि वसईतली आमची केळीची वाडी आठवली. बाबा गेले त्या वर्षी मी जुन्या अरबी स्तुतिकाव्यावर प्रबंध लिहीत होते. कवी भर दरबारात राजाला 'दानशूर' म्हणतो ते वर्णन नसतं, मागणं असतं. मग राजाला नाही म्हणता येत नाही, असं मी त्यात मांडलं होतं.

बाबांच्या वर्षश्राद्धाला धाकटा भाऊ पंगतीत सगळ्यांसमोर म्हणाला, "आमच्या ताईचं मन केवढं मोठं!" माझे डोळे भरून आले. मी हात धुते न धुते तोच त्याने वाडीवरचा हक्क सोडल्याचा कागद पुढे केला. सगळे कौतुकाने बघत होते. तो दरबार मला ओळखू आला नाही. मी सही केली.

"घ्या ना ताई, तुमचं मन मोठं आहे," सुकेळीवाली म्हणाली.

हातातला पुडा मी खाली ठेवला.