अण्णांचं कार्ड बंद करताना

अण्णा, तुम्ही गेलात, आणि तुमचं कार्ड बंद करायला सिस्टीम तुमचीच परवानगी मागतेय.

वा! शाब्बास!

अण्णा म्हणजे माझे सीनियर. पिढ्यानपिढ्या बेंगळुरूतच राहिलेले मराठी.

बेंगळुरूच्या पीण्या भागातल्या आमच्या कारखान्यात मेल, मशिनं, गेट, सगळ्यांना डिजिटल सर्टिफिकेट लागतं. ती सगळी यंत्रणा अण्णांनी बसवली.

सर्टिफिकेट द्यायचं किंवा रद्द करायचं, तर दोघांनी आपापलं कार्ड लावून पिन टाकायचा. एकट्याच्या हातात काही नको, हा त्यांचाच नियम.

दोघं म्हणजे अण्णा आणि मी.

किती डोकं खाल्लं होतं मी! "अण्णा, तिसरा माणूस नेमा हो."

"स्वल्प थांब गं. मी कुठे पळून चाललोय?"

दिसलंच ते.

मागच्या आठवड्यात हार्ट अटॅक आला आणि अण्णा संपले. कार्ड मात्र चालूच.

साहेब म्हणाले, "कार्ड ड्रॉवर में है ना? घर पे पिन पूछ लो, उन्हीं के नाम से अप्रूव कर दो."

मेलेल्या माणसाच्या नावाने सही? तीही अण्णांच्या? मी साफ नाही म्हटलं.

तर या महाशयांनी थेट येलहंक्याला अण्णांच्या घरी फोन लावला! अजून अस्थीही सावडल्या नव्हत्या हो!

अण्णांच्या बायकोचा, अक्कांचा, मला फोन. "अगं, तुमचे साहेब पिन विचारतायत. मला तर यांनी एटीएमचाही कधी सांगितला नाही!"

दोघी हसलो. मग दोघी रडलो.

साहेबांना जे सुनावायचं ते सुनावलं. म्हटलं, होईल ते रीतसर होईल.

आज तिजोरी उघडली. सगळ्याची मूळ किल्ली तिथे, आणि ती चालवायला तीन डायरेक्टर एकत्र लागतात. एक जण होसकोट्याहून ट्रॅफिकमध्ये वैतागून आले. फोन बाहेर ठेवा म्हटल्यावर आणखी भडकले.

"एका कार्डासाठी एवढा तमाशा?"

हो. एवढा.

त्या किल्लीने, तुमच्या कार्डाशिवाय, तिसरा माणूस नेमला एकदाचा. आपल्याच टीममधली कविता. आधीच ऐकलं असतंत तर काय बिघडलं असतं, अण्णा?

कविताने आणि मी मिळून पहिलं काम केलं ते तुमचं कार्ड रद्द करायचं. बटण दाबलं आणि वॉशरूममध्ये जाऊन पोटभर रडले. राग अजून गेलेला नाही.

पण तुमच्या नावाने आता कुणालाही, कधीही सही करता येणार नाही.

सरी, अण्णा, ठीक आहे. निघा आता.