सव्वातीन मिलिमीटरचे छर्रे

पोलादी छर्रा शिशाच्या छऱ्यापेक्षा हलका असतो आणि लवकर दमतो, हे मला परीक्षेत विचारलं होतं आणि मी त्याचं उत्तर बरोबर लिहिलं होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं जे झालं ते माहीत नसल्यामुळं झालं असं कुणाला वाटायला नको.

मी जर्मनीत, हेर्त्सोगेनआउराखला एका कंपनीत मोजमापाच्या विभागात आहे. मिलिमीटरचा हजारावा भाग इकडंतिकडं झाला तर माल परत पाठवणारी बाई, अशी माझी तिथं ख्याती आहे. आम्ही राहतो ते गाव शहराबाहेर, मत्स्यतळ्यांच्या पट्ट्यात. इथं शेताला शेत लागावं तशी तळ्याला तळी लागून आहेत, कार्प माशांची. मध्ये मातीचे बांध, कडेला बोरू. आणि हिवाळाभर करडे रानहंस, शेकड्यांनी.

शेजारी एक म्हातारा एकटाच राहायचा. त्या पट्ट्यातल्या शिकारीचा हक्क त्याच्याकडं होता. इथं शिकार म्हणजे कुणीही बंदूक घेऊन निघायचं असं नसतं. एकेक इलाका एकेकाकडं करारानं असतो आणि तिथल्या प्रत्येक गोळीचा जाब त्याला द्यावा लागतो. आम्ही या गावात नऊ वर्षं राहत होतो आणि नऊ वर्षांत आमच्या दारावरची घंटा वाजवणारा तो पहिला माणूस. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला कार्प होता. मी सांगलीकडची, मासा बघून घाबरणारी नव्हे. त्याच्यासमोरच खवले काढले. तो खूश झाला. मला तिथं कुणीतरी हवं होतं, एवढं साधं कारण आहे. शिकारीची हौस वगैरे नंतरची.

त्याची नजर जात चालली होती. मधोमध एक डाग, कडेनं तेवढं दिसायचं. हे त्यानं डॉक्टर सोडून फक्त मला सांगितलं होतं. बाकीच्या शिकाऱ्यांना कळलं असतं तर परवाना गेला असता, इलाका गेला असता. बायको आधीच गेलेली. उरली होती ती तळी, आणि नऊ वर्षांची राठ केसांची एक कुत्री. ‘ही शेवटची,’ असं तो म्हणायचा, म्हणजे हिच्यानंतर दुसरी पाळणार नाही. तो अजूनही बंदूक खांद्याला अडकवून निघायचा, पण दोन वर्षांत त्यानं तिच्यात काडतूस भरलं नव्हतं. मी रीतसर शिकले, परवाना काढला, आणि त्याच्या बाजूला उभी राहून बार टाकायला लागले. बघणाऱ्याला दोघं शिकारी दिसायचे. प्रत्यक्षात एकच होती, आणि तीही नवशिकी.

परवाना मिळाला त्या दिवशी तो मला म्हणाला, “आता मला ‘झी’ म्हणायचं नाही, ‘डू’ म्हणायचं. शिकाऱ्यांत तसंच असतं.” मी मान डोलावली. पण वडलांच्या वयाच्या माणसाला अरेतुरे करायला जीभ रेटेना. तो मला अगं म्हणायचा, मी त्याला अहो.

तर छर्रे. पाण्याच्या आसपास शिसं वापरायला आता बंदी आहे, त्यामुळं सगळ्यांना पोलादावर यावं लागलं. म्हाताऱ्यानं आयुष्यभर शिसं मारलं होतं, तरी तो कुरकुरला नाही. त्याचा नियम एका ओळीत मावायचा. हंसाला चार मिलिमीटरचा छर्रा, सैल चोक, आणि तीस मीटर. त्याच्या पलीकडचा हंस आपला नाही. चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी आतून असलेला निमुळतेपणा. तो जितका घट्ट, तितके छर्रे लांबपर्यंत एकत्र राहतात. माझ्या बंदुकीला ते फिरवून बदलता यायचे. तो म्हणायचा, सैलच ठेव, पोलाद तसंही फारसं पसरत नाही.

मला ‘बास, असंच असतं’ हे उत्तर कधीच पचलेलं नाही. मी चांदमारीच्या मैदानावर गेले. पांढऱ्या कागदाच्या मोठ्या शीट लावल्या. तीस, चाळीस, पन्नास मीटर. तीन चोक, दोन आकाराचे छर्रे. प्रत्येक शीटवर पाऊण मीटरचं वर्तुळ काढलं, आत किती भोकं पडली ती मार्करनं खुणा करत मोजली, एक्सेलमध्ये भरली. दिवाणखान्यात आठवडाभर त्या शीट पसरलेल्या होत्या.

नवरा त्यांवरून उड्या मारत स्वयंपाकघरात जायचा. “अगं, हंस आहेत की बेअरिंग? टॉलरन्स किती पकडलायस?”

“हस तू. निदान मी मोजते तरी.”

आकडे स्वच्छ होते. सव्वातीन मिलिमीटरचे छर्रे एका काडतुसात जवळजवळ दुप्पट मावतात. घट्ट चोकमधून पन्नास मीटरवरसुद्धा वर्तुळ भरून निघत होतं, कुठंही हंस निसटेल एवढी मोकळी जागा नाही. चार मिलिमीटरच्या शीटवर मात्र तळहाताएवढ्या फटी. मी म्हाताऱ्याकडं दोन्ही शीट घेऊन गेले. त्याला दिसणार नव्हतंच. त्यानं कागदावरून बोटं फिरवली, भोकं चाचपली.

“बरोबर, छान पसरलेत,” तो म्हणाला. “पण कागदाला पिसं नसतात. आणि चरबी नसते.”

म्हणजे छर्रा तिथवर पोचतो, पण आत शिरेल का, हे कागद सांगत नाही. अगदी हेच मी परीक्षेत लिहिलं होतं. आणि तरीही मला त्याचा राग आला. मनात म्हटलं, चाळीस वर्षं शिसं मारलेला माणूस, याला नवीन काय कळणार. हे मनात आलं होतं हे मी नाकारत नाही. आठवडाभर मोजलेली भोकं मला त्याच्या वाक्यापेक्षा खरी वाटत होती.

जानेवारीचा पहिला आठवडा होता, हंसांचा हंगाम संपायला थोडे दिवस राहिलेले. सकाळी दहाच्या सुमारास आम्ही दोन तळ्यांमधल्या बांधावर उभे होतो. मागच्या तळ्याचा अलीकडचा भाग मोकळा होता आणि पलीकडच्या अर्ध्यावर बर्फाचा पापुद्रा धरला होता. कुत्री त्याच्या पायाशी बसलेली, अंगभर थरथरत. थंडीनं नव्हे, कामाच्या आशेनं. मी सकाळीच चोक बदलला होता आणि खिशात सव्वातीनची काडतुसं घातली होती. त्याला सांगितलं नव्हतं.

पाच हंस आले, उजवीकडून, लांबून. तीस मीटर नव्हतेच. मी अंदाज घेतला, पंचेचाळीस, कदाचित पन्नास. माझ्या एक्सेलमध्ये बसत होते. मी बार टाकला.

शेवटचा हंस हवेत अडखळला. पडला नाही. पंख ताठ करून घसरत घसरत गेला आणि मागच्या तळ्यात, बर्फाच्या कडेला उतरला. मान सरळ वर. मला स्पष्ट दिसत होतं, तो जिवंत होता आणि इकडंच बघत होता.

“पडला?” म्हाताऱ्यानं विचारलं.

“पडला.”

“कुठं?”

“मागच्या तळ्यात. कडेला.”

“मान वर की खाली?”

हा प्रश्न तो नेहमी विचारायचा, कारण त्यावर पुढचं सगळं अवलंबून असायचं. मान खाली असेल तर कुत्रीनं पोहत जाऊन उचलून आणायचा. मान वर असेल तर कुत्रीला थांबवायचं आणि तळेवाल्याला फोन करून होडी मागवायची, कारण जिवंत हंस पळतो आणि कुत्री मागं जाते.

मला लाज वाटली. लांबचा बार, न सांगता बदललेला चोक, सगळं उघडं पडलं असतं. मी म्हटलं, “खाली.”

त्यानं कुत्रीला सोडलं.

ती बांधावरून उडी मारून पाण्यात पडली आणि सरळ पोहत निघाली. हंसानं तिला येताना पाहिलं. तो पंख आपटत बर्फावर चढला आणि फरपटत पलीकडं निघाला. कुत्री त्याच्यामागं बर्फावर चढली. मी तिला ओरडून बोलावलं. ती माझं कधीच ऐकत नसे, फक्त त्याचं ऐकायची.

“का बोलावतेस तिला?” म्हातारा म्हणाला. “काय झालं? कुठं आहे ती?”

“बर्फावर.”

त्यानं शिट्टी तोंडाला लावली आणि वाजवली. ती थांबली, वळली, आणि तिच्याखालचा बर्फ फुटला.

“आता कुठंय?”

“पाण्यात. वर यायला बघतेय.”

“पुढचे पाय बर्फावर आहेत?”

“आहेत. बर्फ तुटतोय. परत टेकतेय.”

तो शिट्टी वाजवत राहिला. आलीस का, ये, ये, असं मध्येच जर्मनमध्ये, लहान मुलाशी बोलावं तसं. मी बूट काढून पाण्यात उतरले. कमरेपर्यंत गेले असेन, श्वासच घेता येईना, चिखलात पाय रुतले. त्यानं मागून ओरडून मला परत बोलावलं. मला तळ्याची खोली माहीत नव्हती, त्याला होती. मी परत फिरले.

“कुठंय ती?”

मी बर्फातल्या काळ्या पाण्याकडं बघत होते.

“सांग. मला दिसत नाही. कुठंय?”

“दिसत नाही,” मी म्हटलं. “मलाही दिसत नाही.”

तो आणखी बराच वेळ शिट्टी वाजवत होता.

मी फोन केल्यावर तळेवाला होडी घेऊन आला, तेव्हा मी आमच्या गाडीतली घोंगडी पांघरून बांधावर बसले होते. त्यानं आकड्यानं बर्फ फोडत आधी हंस संपवला, मग कुत्रीला वर काढलं. दोघांना बांधावर शेजारी ठेवलं. म्हातारा गुडघ्यांवर बसला. एक हात कुत्रीच्या कानावर ठेवला आणि दुसऱ्या हातानं हंसाच्या छातीवरची पिसं बाजूला करून कातडी चाचपू लागला. बोटं एका जागी थांबली. छर्रा तिथंच होता, कातडीखाली, चरबीत अडकलेला. आणखी एक सापडला, मग पंखाच्या सांध्यात तिसरा. त्यानं पहिला चिमटीत धरून फिरवला.

“सव्वातीन,” तो माझ्याकडं न बघता हळूच म्हणाला.

तळेवाल्यानं विचारलं, “एवढ्या लांब बार कुणी टाकला?”

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं.

“मी,” म्हातारा म्हणाला. “मला जवळ वाटला. आता काय, डोळे गेलेत माझे.”

तळेवाला टोपी काढून उभा राहिला. मग त्यानं म्हाताऱ्याच्या खांद्यावरची बंदूक अगदी सावकाश काढून आपल्याकडं घेतली, एखाद्या पोराच्या हातून सुरी काढून घ्यावी तशी.

परत येताना गाडीत मी म्हटलं, “तुम्ही असं का केलंत? मी सांगते त्यांना. आत्ता फोन करते.”

“तुझा परवाना नवीन आहे. बाहेरून आलेली बाई आहेस. ते तुला कधी विसरू देणार नाहीत,” तो म्हणाला. “माझा असाही जाणारच होता.”

मी फोन केला नाही. त्या दिवशी केला नाही आणि दुसऱ्या दिवशीही. आठवड्यात गावभर झालं, म्हातारा आंधळा असून बार टाकत होता, स्वतःची कुत्री घालवली. बेकरीत माझ्यासमोर बोलले. मी ब्रेड घेतला आणि निघाले. नवऱ्याला सगळं सांगितलं, तेव्हा तो थट्टा करायचं विसरला. म्हणाला, “अजून वेळ गेलेली नाही.” खरं होतं ते. तरी मी गेले नाही. मान वर होती, हे तर मी म्हाताऱ्यालाही आजवर सांगितलेलं नाही. छर्रे त्यानं बोटांनी ओळखले, पण मान वर होती हे त्याच्या कुठल्याच बोटांना कळणार नव्हतं.

मार्चमध्ये त्यानं मला विचारलं, लांड्राट्सआम्टमध्ये नेशील का, जिल्ह्याचं ते कचेरीचं काम उरकून टाकू. परवाना आणि इलाका दोन्ही सोडायचे होते. काचेपलीकडच्या बाईनं दोन पानांचा फॉर्म दिला. त्याला अक्षरं दिसेनात, म्हणून बाई म्हणाली, सोबतच्या कुणी भरला तरी चालेल, सही त्यांची हवी. मी पेन घेतलं. नाव, पत्ता, जन्मतारीख तो सांगत गेला, मी लिहीत गेले. मग परवाना सोडण्याचं कारण. खाली तीन ओळींची मोकळी जागा होती.

तो सरळ बसला आणि सांगू लागला. “दृष्टी कमी झाल्यामुळं अंतराचा अंदाज चुकला. माझ्या बारानं हंस जखमी झाला आणि त्यात माझी कुत्री गेली.”

काचेपलीकडची बाई वाट बघत होती. घाई नव्हती तिला. मी पेन कागदावर टेकवून बसले होते. त्यानं माझ्याकडं तोंड वळवलं. नजर नेहमीप्रमाणं जरा बाजूला, माझ्या कानाच्या आसपास.

“झालं लिहून?” त्यानं विचारलं.

मी लिहिलं. त्यानं सांगितलं तसं, शब्दन् शब्द, माझ्या अक्षरात. मग त्याचा हात धरून सही कुठं करायची ती जागा दाखवली.