साळवे सरांचा हिरवा कोळी

शिरूरच्या कॉलेजात साळवे सर प्राणिशास्त्र शिकवायचे, मी वनस्पतिशास्त्र. कोळ्यांचा अभ्यास करणारा माणूस अख्ख्या तालुक्यात एकच. त्यामुळे सरांचा कुठंही काही घोटाळा झाला की तो सांगायला लोक माझ्याकडं यायचे. बऱ्याचदा मी त्या घोटाळ्यात हजरच असायचो.

*

एकदा आम्ही घोड नदीच्या काठी झुडपं हलवून बघत होतो. एका शेतकऱ्यानं विचारलं, "काय हरावलंय?"

"कोळी शोधतोय," सर म्हणाले.

"आडनावाचं का मासेवालं?"

सर गोंधळले. "जाळीवाले."

"मंग मासेवालंच की. सकाळी या. आता घरी गेलं असत्याल."

*

पुढं सुट्टीत आम्ही तिलारीकडच्या सदाहरित जंगलात गेलो. भर दुपारी अंधारून आल्यासारखं. सर एका पानाखाली वाकले ते वाकलेच.

"काय आहे?"

"माहीत नाही."

थोड्या वेळानं मी परत विचारलं.

"अजून माहीत नाही," ते म्हणाले आणि हसत हसत खिसे चाचपायला लागले. मला कळेना, माहीत नसल्याचा एवढा आनंद कशाला!

ज्वारीच्या दाण्याएवढी हिरवी मादी होती. पण वयात आलेली नव्हती, आणि पूर्ण वाढ झाल्याशिवाय प्रजाती नवी की जुनी ते सांगता येत नाही. म्हणून सरांनी ती फिल्म रोलच्या डबीत जिवंत घेतली, झाकणाला टाचणीनं भोकं पाडली.

*

पुण्याहून शिरूरच्या एसटीत शेजारी एक आबा बसले. सरांच्या मुठीतल्या डबीकडं बघून म्हणाले, "जरा चुना द्या की."

"आबा, यात कोळी आहे."

आबांनी हातातल्या तंबाखूकडं बघितलं, सरांकडं बघितलं. "कशासंगं मळता?"

*

घरी काही दिवसांनी डबी उघडली तर कोळी निपचित, आत पोकळ. सरांनी झाकण टेबलावर ठेवलं आणि कॉलेजला निघून आले. दिवसभर तास घेतले. संध्याकाळी अचानक उठले. "ती कात होती," म्हणाले, "ती मोठी झाली. झाकणाच्या आत बसली असणार."

आम्ही पळत घरी गेलो. झाकण रिकामं.

चौदा एप्रिलची जयंती तोंडावर आलेली. गल्लीभर रंगकाम चाललेलं, आणि सरांनी मात्र भिंतींना चुना लावायला आलेल्या माणसाला दारातून परत पाठवलं. सरांच्या बायकोनं, सुनंदावहिनींनी, केरसुणी खाली ठेवली. शेजारीण येऊन हळूच विचारून गेली, "घरात काही झालंय का?"

चौथ्या दिवशी वहिनींनीच कॅलेंडरमागं तिला बघितलं आणि चहाचा ग्लास पालथा घातला. सरांनी ग्लासाला डोळा लावला.

*

मोठ्या तज्ज्ञांनी मायक्रोस्कोपखाली बघून सांगितलं, प्रजाती नवी आहे. सरांनी तिला आईचं नाव दिलं, कोंडाबाई. आम्ही दोघं मांडवगण फराट्याला आईंकडं पेढे घेऊन गेलो.

आईंना काही उमगेना. "इखारी हाय का?"

"न्हाई आई."

"मंग असू दी. कुठं हाय आता ती?"

"संग्रहालयात. स्पिरिटात, बाटलीत."

"स्पिरिट म्हंजी?"

"दारूसारखंच असतंय."

आईंनी पेढा खाली ठेवला. "तुझ्या बापाला जल्मभर बाटलीला शिवू दिलं न्हाई. आन् तू माझ्या नावाची बाटलीत घातलीस व्हय?"