मामांची पोलीस मालिका

आमच्या हिच्या मामांनी एखादी गोष्ट पाहायला सांगितली, की ती न पाहता सुरतेत राहणं अशक्य होतं. सत्तरच्या दशकाच्या शेवटी त्यांनी टीव्ही घेतला आणि मुंबई केंद्रावरच्या एका पोलीस मालिकेसाठी सारं गाव वेठीला धरलं. शहरातला भ्रष्टाचार खणून काढणाऱ्या इन्स्पेक्टरची ती गोष्ट. मामा दूधवाल्याला सांगत, न्हाव्याला सांगत. बारडोलीच्या एका लग्नात तर अक्षता हातात धरून त्यांनी नवरदेवाच्या बापाला दोन भागांची कथा ऐकवली. "पाहाच. नाही पाह्यली तर माझ्या घरी चहा बंद," असं म्हणायचे, आणि लिंबायतहून आलेल्या माझ्या भावाचा चहा त्यांनी खरंच बंद केला होता.

मुंबईचं चित्र सुरतेपर्यंत सुखासुखी येत नसे. गच्चीवर उंच पाइपाला अँटेना बांधलेली. वाऱ्यात ती हलू नये म्हणून कुणीतरी पाइप धरून उभं राहायचं. सहा फुटी मामा ते काम दुसऱ्या कुणाला देत नसत. खाली आम्ही वीसजण पडद्यावरच्या मुंग्यांत इन्स्पेक्टर शोधत असू आणि वरून मामा विचारत, "आलं का? काय म्हणाला तो?" मामी खिडकीतून सांगत, "राजीनामा मागून राह्यले त्याचा. तुम्ही पाइप धरा नीट."

हा सगळा आटापिटा खरं तर त्यांच्या साहेबांसाठी होता. मामा एका कचेरीत बांधकामं तपासायचे. भेस्तानकडच्या एका इमारतीचा पायाच कच्चा होता आणि तिच्या कागदावर 'पक्की' म्हणून सही करा, असा साहेबांचा दोन महिने तगादा चालला होता. साहेबांनी मालिका पाहिली की ते आपोआप सुधारतील, यावर मामा ठाम. शेवटी सातव्या आठवड्याला साहेब आले. मामा गच्चीवर गेले, चित्र कधी नव्हे इतकं स्वच्छ आलं, आणि त्यात उसावरच्या किडीची चर्चा सुरू झाली. मालिका बंद पडली होती. "आमां पोलीस क्यां छे, भाई?" पडद्यावर पोलीस शोधत साहेबांनी चहा संपवला आणि विचारलं.

दुसऱ्या दिवशी मामांनी सही करणार नाही असं लेखी दिलं. महिन्याभरात त्यांची डांगच्या जंगलात बदली झाली. सामान बांधताना मला म्हणाले, "त्या इन्स्पेक्टरनं पुढे काय केलं असतं, देव जाणे. मी काही वाट पाह्यली नाही." मग जरा संकोचून विचारलं, "जावईबापू, दिसायला कसा होता हो तो?"

सहाच्या सहा भाग मामा गच्चीवरच होते, हे तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं. मुंग्यांमुळे त्याचा चेहरा आम्हालाही कधी नीट दिसला नव्हता. मी म्हटलं, "उंच होता, मामा. तुमच्याएवढा."