बेलबॉटम गेली म्हणे

त्या काळी मी वर्ध्याच्या एका साप्ताहिकात फॅशनवर लिहायचो. मुंबई पाहिली नव्हती. न्हाव्याच्या दुकानातली जुनी मासिकं चाळून अख्ख्या जिल्ह्याला काय घालावं ते सांगायचो. ‘बेलबॉटम आता गेली’ हा निकालही मीच दिला होता, तोही बेलबॉटम घालून.

त्याच आठवड्यात हिंगणघाटहून सुटलेल्या एसटीत एक तरुण शेजारी बसला. नव्या बेलबॉटमच्या रुंद मोहऱ्या मळू नयेत म्हणून त्याने त्या पोटऱ्यांशी सुतळीने बांधल्या होत्या आणि दर थांब्याला वाकून गाठी चाचपत होता.

“पोरगी पाहाले चाललो, भाऊ,” तो म्हणाला. “पन पेपरात कोनीतरी लिहून राह्यला, बेलबॉटम गेली म्हनून. आमच्या वडनेरले तं आताच आली! पोरीवाल्याइनं वाचलं असन तं?”

“मी तर तो पेपर वाचतच नाही,” मी म्हणालो.

त्याचा चेहरा खुलला. “तुमच्यासारखा शिकेल मानूस वाचत नाई, मंग थे कायले वाचते!”

अल्लीपूरला उतरताच त्याने सुतळ्या सोडल्या, मोहऱ्या झटकल्या आणि रस्ता झाडत ऐटीत निघाला. माझा लेख कोणीही वाचलेला नसो, अशी प्रार्थना मी आयुष्यात तेवढी एकदाच केली.