माझं पानी

मी 'पानी' म्हणते. ण माझ्या तोंडात बसतच नाही. सोलापूरला आमच्या गल्लीत तो कुणाच्याच तोंडात बसत नव्हता, आणि त्यावाचून कुणाचा घसा कोरडा राहिला नाही. हे गंभीर प्रकरण आहे, ते मला सिंगापूरला आल्यावर कळलं.

नवरा जहाजावर इंजिनिअर. त्यामुळे पासिर रिसच्या फ्लॅटमध्ये बहुतेक वेळ मी आणि मुलगी दोघीच. इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवातल्या नाटकात मला मोठ्या सूनबाईचं काम मिळालं, तेव्हा मी अगदी हुरळून गेले. तालमी सेरंगूनला एका काँडो सोसायटीच्या हॉलमध्ये चालत. दोनचार तालमी झाल्यावर दिग्दर्शक बाईंनी मला बाजूला घेतलं.

"ताई, स्टेजवर काय दिसता हो तुम्ही! फक्त ते न आणि ण जरा... यंदा माइकची बोंब आहे, म्हणून सगळे संवाद आधीच रेकॉर्ड करतोय. तुमचे मी म्हणते. तुम्ही नुसते ओठ हलवा."

"आणि बाकीच्यांचे?"

"बाकीचे आपापले म्हणतील ना."

तळपायाची आग मस्तकात गेली. तरी त्या दिवशी मी मूग गिळून घरी आले.

मला जुन्या सिनेमांचं वेड. बेडोकच्या लायब्ररीतून एक कृष्णधवल इटालियन सिनेमा आणला होता. डीव्हीडीत त्यातल्या नटीवरचा माहितीपटही होता, तो लावला. बंदरावर मासळी निवडणाऱ्या बाईची ही पोर. फोटोंतून गोष्टी सांगणाऱ्या मासिकांत हिचा चेहरा झळकला आणि तिथून ती सिनेमात आली. तिकडे त्या काळी आवाज मागाहून भरत. हिची बोली दक्षिणेकडची, घसा खरखरीत, म्हणून हिच्या तोंडी रोमच्या एका बाईचा आवाज. लोक हिच्यावर जीव टाकत राहिले आणि हिचा आवाज कुणी ऐकलाच नाही. पहिला सिनेमा पाहून हिच्या आईने विचारलं होतं, "तुझ्या तोंडातून ही कोण बोलतेय?"

चाळिशीला टेकल्यावर ती अडून बसली. माझा आवाज घ्या, नाहीतर मला घेऊ नका. निर्माते दुरावले, मोजकीच कामं मिळाली. म्हातारपणी मुलाखतीत तिला आधीच्या गाजलेल्या सिनेमांबद्दल विचारलं, तर म्हणाली, "ते मी बघत नाही. त्यांत मी नाहीच." मी खालच्या इंग्रजी ओळी वाचत होते, पण तो घसा मला अगदी ओळखीचा वाटला. टीव्हीसमोर बसून मी रडले. दुःखाने नाही, संतापाने.

पुढच्या तालमीला सरळ सांगितलं, "चेहरा हवा असेल तर घसाही घ्यावा लागेल."

"अहो ताई, लोक हसतील. सूनबाई शिकलेली दाखवलीय."

"मीही एम.कॉम. आहे."

"रेकॉर्डिंग झालंय हो आता," त्या म्हणाल्या आणि विषय मिटवला.

मुलगी कोपऱ्यात होमवर्क करत सगळं ऐकत होती. परतताना एमआरटीच्या गाडीत तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आई, जस्ट डू द लिप्स लाह. सो एम्बॅरसिंग." बाईंचं बोलणं मला झोंबलं होतं, हे मात्र काळजात घुसलं. माझ्याच पोरीला माझ्या तोंडाची लाज वाटत होती. आता तर ओठ हलवणं शक्यच नव्हतं.

प्रयोगाला माझा प्रवेश आला. स्पीकरमधून बाई बोलल्या, "पाहुण्यांना पाणी आणा गं." त्याच क्षणी मी पोटातून ओरडले, "पाहुन्यांना पानी आना गं!" दोन्ही आवाज एकमेकांवर आदळले. हॉल हसला. म्हटलं, हसा. पुढचं वाक्य त्याहून मोठ्याने म्हटलं, त्यापुढचं आणखी मोठ्याने. शेवटी साउंडवाल्यानेच कंटाळून रेकॉर्डिंग बंद केलं. माझा सासरा झालेला गृहस्थ क्षणभर बावचळला, मग तोही बिचारा स्वतःच्या तोंडाने बोलू लागला. नाटक पार पडलं. हसणारे कधी गप्प झाले, ते मला कळलंही नाही.

बाई विंगेत माझ्याशी बोलल्या नाहीत. पुढच्या वर्षी मला नाटकात घेतलं नाही. नका घेऊ.

घरी आल्यावर मुलगी चपला भिरकावून सोफ्यावर पसरली. शाळेत जायला लागल्यापासून तिला तहान फक्त इंग्रजीत लागते. त्या दिवशी म्हणाली, "आई, पानी दे ना."

चेष्टा करतेस का, असं मी विचारलं नाही. ग्लास काठोकाठ भरून दिला.