मेंढरं पुढं गेली

कॉम्प्युटरच्या पडद्यावर माझं तोंड थांबवलेलं होतं. उघडं. वरच्या दातांची फट दिसतेय, डोळे अर्धे मिटलेले, पदर नाकाशी. रडताना, शिंकताना, घास घेताना माणूस कसाबी दिसतो. बरोबर तिथंच थांबवलेलं. आन् भोवती पोरं कोंडाळं करून पोट धरून हसायलेली.

"आल्या आल्या! या, हीरोइन!" ऋतुराज म्हणाला. उठून खुर्ची दिली, पाणी दिलं. वागायला पोरगं वाईट नाही, हे आधीच सांगते, नाहीतर म्हणाल म्हातारी खार खाऊन लिहायली.

मग त्यानं बटण दाबलं.

खाली डीजेचा ढोल. वरून माझा आवाज. "मेंढरं पुढं गेली." परत. "मेंढरं पुढं गेली. पुढं गेली. पु-पु-पुढं गेली." मधेच मेंढीचं बें. मग कुठल्या तरी लोकांच्या हसण्याचा गलका, बाहेरून आणून चिकटवलेला. आन् ढोलाच्या ठेक्यावर माझी मान मागंपुढं, मागंपुढं, कोंबडीसारखी.

"भारी ना, आजी? गॅदरिंगला हेच लावणार. तुम्ही व्हायरल होणार बघा."

मी हसले. ते हसू कुठून आलं, ते पुढं सांगते.

आधी एक समजून घ्या. मी त्या कॉलेजात झाडायला जात नाही, चहा द्यायला जात नाही. मी त्या पोरांच्याच वर्गात शिकते. फी भरून, हजेरी लावून, दुसऱ्या बाकावर बसून संध्याकाळचा माध्यमांचा डिप्लोमा करते. आजी मी माझ्या नातवाची. ह्यांच्या बरोबरीनं शिकणारी बाई आहे, पण ते कुणाच्या तोंडी बसलं नाही. शाळा मी लहानपणी पाहिली नाही. नवरा एसटीत कंडक्टर, शहरात गुलमंडीच्या मागं एक खोली. पोरगा शाळेत जायला लागला तेव्हा त्याच्या पाटीवर मी अक्षरं गिरवली. पुढं किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचले, भिंतीवरच्या सिनेमाच्या पाट्या वाचल्या. पोरगा दहावीला बसला त्या साली मीबी बाहेरून बसले. मग घरी बसून बी.ए. केलं. नवरा म्हणायचा, "आता काय कलेक्टर व्हतीस का?" मी म्हणायची, "व्हईन, तुमचं काय जातंय? भाकरी तर टायमावर मिळायली ना?"

सिनेमाचं वेड मात्र पहिल्यापासनं. सरांनी पहिल्याच तासाला विचारलं, कुणाला कसला सिनेमा आवडतो. पोरांनी इराण, कोरिया अशी देशांची नावं घेतली. मी म्हणलं, "हसायचा." वर्ग हसला. मला लई बरं वाटलं. मला माणसं हसवायला आवडतं हो. लग्नाघरी, सुतकाच्या घरीसुद्धा मी तोंड उघडलं की बाया पदरात तोंड घालून हसायच्या. मला वाटलं, इथंबी तसंच आहे.

तसं नव्हतं. पण ते कळायला मला इतके सिनेमे पाहूनसुद्धा उशीर लागला. आता डोळ्यापुढनं एकेक जातं. हीरो खेड्यातला असला, धोतर नेसला, नांगर धरला, तरी बोलतो शहरातल्या मास्तरासारखं. त्याचा गडी मात्र आमच्यासारखं बोलतो. मोलकरीण आमच्यासारखं बोलते. चिखलात पडणारा, लाथ खाणारा, बाईमाणूस दिसलं की लाळ गाळणारा, ते सगळे आमच्यासारखं बोलतेत. हीरो आमच्यासारखं बोलतो ते फक्त दारू प्यायल्यावर. आन् खांद्यावर घोंगडं घेतलेला माणूस पडद्यावर आला की थेटर हसायला लागतं. त्यानं अजून तोंडबी उघडलेलं नसतं. मीबी हसायची. तिकीट काढून हसायची.

तर सरांनी एक काम दिलं. आयुष्यातला एक प्रसंग कॅमेऱ्यापुढं सांगायचा, न थांबता. माझ्या वेळी कॅमेऱ्यावर ऋतुराज होता. हा देवगाव रंगारीकडचा. घरची बागाईत, बाप शहरात मोठ्या हुद्द्यावर. म्हणाला, "आजी, काहीही सांगा. तुम्ही नुसतं बोलला तरी मजा येते."

मी सखूचं सांगितलं.

सखू माझी धाकटी बहीण. आम्ही धनगर, पिशोरकडच्या एका वाडीचे. दिवाळी सरली की मेंढरं घेऊन कन्नडचा घाट उतरायचं, खानदेशात जायचं. त्या साली सखूला ताप होता. घोड्यावर बोजा लादलेला, त्या बोजावर तिला बसवून बांधलेली. घाटाखालच्या एका गावात बाप तिच्यासाठी पाणी मागायला गेला, तर गावानं गोफणी काढल्या. मेंढरं हरभऱ्यात घालतील म्हणून. मेंढरं उधळली. ओढ्याच्या काठी सखूला खाली ठेवली आन् मला म्हणले, तू बस हिच्यापाशी, आम्ही मेंढरं आवरून येतो. मी बसले. मला तरी कुठं काय कळत होतं? सखू डोळे उघडंना. मी हलवत ऱ्हायले. "सखे, ऊठ. ऊठ की गं. मेंढरं पुढं गेली." तेवढंच म्हणत ऱ्हायले. थोरला भाऊ, दादा, आमच्याकडं पळत आला. सखूकडं बघितलं आन् त्यानं माझं तोंड दाबून धरलं. कारण मी बोलायची थांबतच नव्हते.

तेच वाक्य ह्यांनी ढोलावर चढवलं. "सखे ऊठ" कापलं. "मेंढरं पुढं गेली" ठेवलं. कारण "सखे ऊठ"ला हसू येत नाही.

ऋतुराजनं ऐकलं नव्हतं का? ऐकलं होतं. कानाला ते हेडफोन लावून, मागं नेऊन पुढं आणून, दहादा ऐकल्याशिवाय असं कापता येत नाही. तेवढं मीबी शिकलेय त्या वर्गात.

आता माझं हसू. उन्हाळ्यात बाप दुसऱ्यांच्या रानात मेंढरं बसवायचा. लेंड्यांचं खत त्यांना, बदल्यात आम्हाला जवारी. जवारी न्यायला गेलो की पाटलाच्या ओट्यावर पाव्हणे बसलेले. "ए पोरी, तुमच्या भाषेत बोल की काहीतरी." मी काहीबी बोलले की ओटा हसायचा. बापबी हसायचा. बाप हसतोय म्हणल्यावर मी आणखी बोलायची, आणखी वाकडं बोलायची. पोलीस ॲक्शन झालं, निजाम गेला, आपलं राज्य आलं, असं बाप आम्हाला सांगायचा. ओटा जिथल्या तिथं होता. माप पदरात पडेस्तोवर हसायचं, ही आमच्या घरची रीत. ते हसू हाडात मुरतं. त्या दिवशी कॉम्प्युटरपुढं तेच बाहेर आलं. रिक्षात बसले, निम्म्या वाटेवर आले, तेव्हा ध्यानात आलं की हसू अजून तोंडावर तसंच आहे. गाल दुखायले होते.

दुसऱ्या दिवशी सरांकडं गेले. सर तरुण, गोड बोलणारे.

"सर, ते माझं गॅदरिंगला लावू नका. माझी बहीण मेली त्येचं हाय ते."

"आजी, तुमचं टायमिंग नैसर्गिक आहे. आणि विनोदाच्या मुळाशी दुःख असतंच. माणसाला स्वतःवर हसता आलं पाहिजे."

"स्वतःवर म्हंजी कुणावर, सर? मग ऋतुराजनं हसावं की ऋतुराजवर."

सर हसले. मी गंमत केली असं वाटलं त्यांना. हसत हसतच म्हणाले, "बरं बरं, काढायला सांगतो."

सांगतो म्हणले म्हणजे काढलं, असं मी धरून चालले. दादाला मी आधीच आवतण दिलेलं होतं, की एकदा माझं कॉलेज बघून जा. जिवाभावाचा तेवढाच राहिलेला. त्याला येऊ नको म्हणले नाही.

गॅदरिंगच्या दिवशी दादा आला. वाडीवरनं जीपनं पिशोर, तिथनं एसटी. पांढरा पटका, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. फाटकाशी पोरापोरींनी त्याला गराडाच घातला. "ए, आजीच्या पिक्चरचा हीरो आला रे! काका, काठी अशी आडवी धरा ना, एक फोटो!" दादानं काठी आडवी धरली. ताठ उभा राहिला. मला म्हणाला, "लई गुणाची पोरं हायती गं. मान देत्यात."

हॉल गच्च भरलेला. पहिल्या ओळीत मुंबईचे पाव्हणे, विनोदी सिनेमे काढणारे. आम्ही दोघं मधल्या ओळीत. नाच झाले, भाषणं झाली. मग दिवे घालवले आन् ढोल सुरू झाला.

माझं तोंड. भिंतीएवढं.

पोरांना ते पाठ होतं. म्हणजे मोबाइलवर कधीचंच फिरलेलं. पडद्याबरोबर सगळा हॉल वरडायला लागला, "मेंढरं पुढं गेली! मेंढरं पुढं गेली!" कुणी बें करतंय, कुणी शिट्ट्या मारतंय.

दादानं पडद्याकडं बघितलं. मग माझ्या कानाशी वाकला.

"हे सखूच्या वक्ताचं बोलणं हाय का गं?"

"व्हय."

"मग का हसायलेत ही?"

मी पुढच्या खुर्चीची पाठ धरली.

उठले. माझे गुडघे धरतेत, उठायला वेळ लागला, तोवर ते आणखी वाजतच होतं. मधल्या वाटेत टेबलावर प्रोजेक्टर ठेवलेला. त्याच्यापुढं जाऊन उभी राहिले. सगळा उजेड माझ्या अंगावर आला. माझंच तोंड माझ्या पोटावर, लुगड्यावर हलायलं होतं.

"आजी, बाजूला व्हा!"

"नाय व्हत. बंद करा ते."

टाळ्या पडल्या. खरंच सांगते, टाळ्या. त्यांना वाटलं हेबी कार्यक्रमातलंच. पुढनं पाव्हणे वरडले, "क्या टायमिंग है!"

मी म्हणलं, "माझी बहीण मेली तवाचं हाय ते."

आणखी हसले. पहिल्यापेक्षा जास्त.

तेव्हा मला कळलं. सगळ्या जन्माचं तेव्हा कळलं. हे माझ्या गमतीला हसतच नव्हते. कधीच नव्हते. वर्गात नाही, पाटलाच्या ओट्यावर नाही. मी मेलेलं सांगितलं काय आन् जन्मलेलं सांगितलं काय, ह्यांचं हसू आधीच तयार असतं. ते माझ्या तोंडाला असतं. तोंडातनं काय निघतं, ते ऐकायला ह्यांना कान लागत नाहीत.

मग मी बोलायची थांबले. नुसती उभी राहिले. कुणी हसलं की मी त्याच्याकडं बघायची. हसू एकाएकी बंद नाही झालं. कमी कमी होत, मधेच परत फुटत, लई वेळानं संपलं. सर पळत आले, माझा दंड धरला.

"हात काढा, सर."

त्यांनी काढला. ऋतुराजनं मागनं वायर उपटली.

मागं वळून बघितलं तर दादाची खुर्ची रिकामी. स्टँडवर गाठला त्याला. घोंगडी मांडीवर घेऊन बसला होता. माझ्याकडं न बघता म्हणाला, "माय मरस्तोवर तिनं सखूचं नाव काढलं नाय. म्या काढलं नाय. आन् तू हितं आणून वाटलंस." मी म्हणलं, "दादा, मला वाटलं ही ऐकतील." तो म्हणाला, "कशापायी वाटलं तुला?" कन्नडची गाडी लागली, तो चढला. तेव्हापासनं माझा फोन उचलत नाही.

त्याचा राग खरा आहे. पण तो राग माझ्या वाट्याला ज्यांनी आणला, तेच माझ्याकडनं माफीनामा मागायलेत. हो, नीट वाचा. माफीनामा देत नाहीत, मागतेत माझ्याकडनं. सरांनी खोलीत बोलावून सांगितलं, पाव्हण्यांपुढं कॉलेजची शोभा झाली, लेखी माफीनामा द्या, तरच शेवटचा प्रोजेक्ट करू देऊ. ऋतुराज तिथंच उभा. म्हणाला, "आजी, पण पहिल्यांदा दाखवलं तेव्हा तुम्हीच हसला होतात."

"हसले व्हते. तू काय हिसकलंस ते तवा मला समजलं नव्हतं. आता समजलंय."

वर्गातल्या पोरी म्हणतेत, "जाऊ द्या ना आजी, लहान आहेत ते." लहान नाहीत. मतदान करतेत, गाड्या पळवतेत, दुसऱ्याचं मरण कापून ढोलावर बसवतेत. सर म्हणतेत, मी विनोद समजून घेत नाही. सर, हसवायचं काम मी तुमच्या जन्माच्या आधीपासनं करते. माणूस हसवणं येगळं आन् माणसाला हसणं येगळं. एवढं तुमच्या पुस्तकात नसंल तर पुस्तक फेका.

माफीनामा देणार नाही. वर्ग सोडणार नाही. त्याच दुसऱ्या बाकावर बसणार.

आन् प्रोजेक्ट करणार. सर, तुम्ही घ्या नाहीतर नका घेऊ. एक खुर्ची, एक कॅमेरा, बस. कॅमेऱ्यामागं मी. त्या दिवशी हसलेल्या एकेकाला त्या खुर्चीवर बोलावणार. पहिला ऋतुराज, मग सर, मग बाकीचे. पाव्हण्यांकडं मुंबईला जावं लागलं तर जाणार. सखूचं मी जसं सांगितलं तसं, एक शब्द न कापता, ऐकवणार. आन् विचारणार, ह्यात तुला हसू कुठं आलं ते दाखव. उत्तर येईस्तोवर कॅमेरा बंद करणार नाही. कोण बसायला आलं नाही, तर रिकामी खुर्ची दाखवणार, आन् खाली त्याचं नाव लिहिणार. पुरं नाव. बापाच्या नावासकट.